आवाजाला धरून

ठमी दारातच थांबली. एक पाय आत, एक पाय बाहेर. गेले कित्येक आठवडे हीच मुलगी याच दारातून स्वतःच्या घरात शिरावं इतक्या सहज आत येत होती, दातांच्या त्या लांबलचक खुर्चीवर आपण होऊन चढत होती, सांगितलं की आ करत होती. आणि आज, सगळं खरंखुरं व्हायचं त्या दिवशी, तिचा पाय उंबऱ्याशी अडला. हळूबाईंचा अंदाज किंचित चुकला. जिना संपलेला असतो, आपल्याला वाटतं अजून एक पायरी आहे, आणि पाऊल सपाट जमिनीवर आपटतं, तेवढंच. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. नर्स ट्रेवरचा हिरवा कपडा सारखा करत होती. डॉक्टर हातमोजे चढवून, दोन्ही हात छातीशी धरून उभे होते. ठमीची आई लेकीच्या मागे, तिला न लागता पण लागल्यासारखी उभी होती. तिघांच्याही चेहऱ्यावर हळूबाईंनीच शिकवलेलं हसू होतं, ओठ मिटून, मुलाच्या डोळ्यांत न बघता करायचं. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं, एकट्या ठमीशिवाय. ती "हूंऽऽ" करत होती. तशी ती रोजच करायची, पण हे रोजचं नव्हतं. हे वर वर चढत होतं, काहीतरी चाचपडत होतं, आणि हाताला काही न लागल्यासारखं पुन्हा खाली येत होतं.

हळूबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. नेमणुकीच्या कागदावर त्यांच्या हुद्द्याला एक भलंमोठं नाव होतं. ते हॉस्पिटलात कुणाला उच्चारता येत नसे, आणि ज्यांना येई त्यांना तेवढी सवड नसे. काम मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. ऑटिस्टिक मुलं आणि त्यांचे आईबाप यांना हॉस्पिटलाच्या दारातून आत आणायचं आणि धड बाहेर काढायचं. कान बघायचा असो, रक्त घ्यायचं असो की दात काढायचा असो, आधी त्याच्या तालमी घ्यायच्या. आज नुसतं दारापर्यंत, उद्या खुर्चीपर्यंत, परवा तोंडात आरसा. डॉक्टरांना सांगायचं की हा मुलगा तुमच्याकडे बघत नाही म्हणजे ऐकत नाही असं समजू नका. आईला सांगायचं की तुम्ही सारखी माफी मागू नका. आणि हे सगळं सांगताना दर दोन वाक्यांना "हळू". हळू बोला, हळू या, दार हळू लावा. पहिल्या वर्षातच कुणीतरी त्यांचं बारसं करून टाकलं, आणि त्याही रागावल्या नाहीत. चांगल्या कामाचं नाव पडलं तर कुणाला वाईट वाटतं!

आजच्या दिवसासाठी तर त्यांनी कंबर कसली होती. दार आपटू नये म्हणून चौकटीला फेल्टची पट्टी लावून घेतली होती. बाहेरच्या पाण्याच्या कूलरची घरघर नको म्हणून त्याचं बटण बंद करवलं होतं. नर्सला बांगड्या काढून ठेवायला लावल्या होत्या, डॉक्टरांचे कुरकुरणारे बूट काढवून त्यांच्या पायांत रबरी सपाता घातल्या होत्या, आणि रोज दुपारी ओपीडी संपली की व्हरांड्यात फरशी घासायचं मशीन फिरवणाऱ्या सफाईवाल्या काकांना, हात जोडून, आज मशीन बाहेर काढू नका म्हणून विनवलं होतं. तालमी सगळ्या याच दुपारच्या वेळी झाल्या होत्या, कारण खोली तेव्हाच मोकळी मिळायची; आणि त्या मशीनची घरघर ऐकून हळूबाई दर वेळी मनात चडफडायच्या. एवढ्या गोंगाटातही पोर कशी गुणी बसते, असं त्यांना वाटायचं. मग गोंगाट नसेल तेव्हा तर काय विचारायलाच नको! आज सगळा मजला इतका शांत होता की टाचणी पडली तरी दचकावं. हळूबाई ओपीडी संपल्यापासून त्या शांततेकडे, नुकत्याच सारवलेल्या अंगणाकडे बघावं तशा समाधानानं बघत होत्या.

आणि प्रश्न साधा नव्हता. ठमी बोलत नव्हती. दहा वर्षांच्या आयुष्यात तिनं एकही शब्द उच्चारलेला नव्हता, आणि तिची आई बेकरीतलं काम सांभाळून, तिच्या भुवईवरून, बोटांवरून, चालीवरून तिचं सगळं वाचायची. पण गेल्या काही महिन्यांत ठमीनं स्वतःच्या गालावर मारायला सुरुवात केली होती. उजवा गाल, उजव्या हाताची मूठ. जेवताना, झोपेत, कशानंही. आईनं तिला दवाखान्यांत हिंडवलं. "त्यांच्यात असं असतंच," एकानं सांगितलं. "वागणुकीचा भाग आहे," दुसऱ्यानं सांगितलं आणि झोपेचं औषध दिलं. तोंडात डोकावायचं कुणाला सुचलं नाही, कारण तोंड उघडायला सांगायचं कसं ते कुणाला माहीत नव्हतं. शेवटी एका ठिकाणी डोकावले, तेही चार जणांनी तिला खुर्चीवर दाबून धरून. त्यात एक तिचा सख्खा मामा होता. किडलेली दुधाची दाढ, खाली पू. पण दाढ निघाली नाही. ठमीनं मामाच्या मनगटाचा लचका तोडला, खुर्चीवरून खाली उडी घेतली, आणि त्या दिवसापासून तोंडाजवळ कुणाचा हात आला की तिची पाचावर धारण बसायची. तिथून ती हळूबाईंकडे आली. गोळ्यांनी सूज तेवढ्यापुरती उतरली होती, पण आज दाढ निघाली नाही तर पूर्ण भूल देऊनच काढावी लागणार होती, आणि त्यासाठी मोठ्या हॉस्पिटलात नंबर लागायला कितीतरी महिने. तोवर पू थांबणार नव्हता आणि मूठही थांबणार नव्हती. आई एकदा तालमीनंतर सहज बोलल्यासारखी म्हणाली होती, "ताई, ती मारते तेव्हा मला वाटतं, ती मलाच सांगतेय, आणि मी ढ आहे."

"ये हं ठमे," डॉक्टर कुजबुजले. हळूबाईंनीच त्यांना कुजबुजायला सांगितलं होतं. एरवी हा माणूस फाटकाबाहेरच्या रिक्षावाल्यालाही खोलीतून ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचा. आज बिचारा घसा आवळून बोलत होता, आणि आपलं बोलणं पोचतंय की नाही या शंकेनं मान पुढे काढत होता. नर्सही पुढे झुकली. आईही वाकली. आवाज लहान झाले तसे चेहरे जवळ आले, मोठे झाले. हळूबाईंना हे दिसलं, पण कळलं नाही. दिसणं आणि कळणं यांच्यामध्ये कधी कधी एक अख्खा जन्म पडलेला असतो. ठमीनं मागचा पाय आणखी मागे घेतला. "हूंऽऽ" वर चढलं, तुटलं. आणि मूठ उठली. गालाच्या हाडावर बसलेल्या त्या आवाजाला त्या शांततेत लपायला कुठेच जागा नव्हती. कधी नव्हे इतका तो स्वच्छ ऐकू आला. एकदा. पुन्हा एकदा. आईनं डोळे मिटून घेतले.

हळूबाईंनी बोट ओठांवर नेलं. हे त्यांचं जुनं होतं, हॉस्पिटलाच्याही आधीचं, त्यांच्या नोकरीच्याच काय, त्यांच्या अकलेच्याही आधीचं. त्यांच्या वडिलांना अर्धशिशी होती. महिन्यातून काही दिवस घराचे पडदे ओढले जात, आणि आतल्या खोलीत वडील कपाळाला ओला रुमाल बांधून भिंतीकडे तोंड करून पडत. आई भांड्यांच्या मधे फडकी घालून ती रचायची. नळाखाली स्पंज ठेवायची, म्हणजे थेंब वाजू नये. ही धाकटी लेक टाचा उचलून घरभर फिरायला शिकली ती चालायला शिकली तेव्हाच, आणि तिच्या टाचा अजूनही पुरत्या टेकत नाहीत असं तिचा नवरा पुढे चेष्टेनं म्हणायचा. मग कधीतरी संध्याकाळी आतून हाक यायची. ती जायची. अंधारात वडिलांचा चेहरा सैल झालेला असायचा, आणि ते तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, "किती शहाणी गं. तुझा आवाजच आला नाही." एवढंच. वर्षभरात वडील तिच्याशी बोलत त्यातलं हे सगळ्यात मायेचं वाक्य. आपला आवाज आला नाही, म्हणजे आपण कुणाचं तरी दुखणं हलकं केलं. आवाज न करणं म्हणजेच माया करणं, हे तिच्या हाडात मुरलं. पुढे ती शिकली, या कामात आली, आणि पहिल्यांदा एक लहान मुलगा कानांवर हात दाबून हॉस्पिटलाच्या पायरीवर गडबडा लोळताना तिनं पाहिला तेव्हा तिला वाटलं, अरे, हे तर मला येतं. हे तर मी लहानपणापासून करत आलेय. कितीतरी मुलांना त्या शांततेनं तारलंही होतं. त्यात काही खोटं नव्हतं. पण आता बोट ओठांवर होतं, खोलीत कुणीच काही बोलत नव्हतं, आणि पोर स्वतःला मारत होती. मग हे बोट नेमकं कुणाला गप्प करतंय, असं हळूबाईंच्या मनात आलं, आणि त्यांना कसंसंच झालं.

"धरू या का?" नर्स कुजबुजली. ती वाईट बाई नव्हती. दोन मिनिटांचं काम, पोर सुटेल, इतकाच तिचा हिशोब. "मामांना बोलवते. बाहेरच आहेत."

मामा दाराबाहेर बाकावर बसला होता. धिप्पाड माणूस, ट्रक चालवायचा. त्यानं ते ऐकलं आणि कुजबुजायचं असतं हे विसरून तो म्हणाला, "मी धरणार नाही. आधीच सांगून ठेवतो. तिनं माझ्या हाताला पुन्हा कधी हात लावला नाही. दात जाऊ दे खड्ड्यात, मी धरणार नाही."

"दादा, अरे मग काय करायचं?" आई म्हणाली. "मरू द्यायचं का तिला अशीच?"

मामाच्या त्या मोठ्या आवाजानं ठमी दचकायला हवी होती. ती दचकली नाही. उलट तिनं त्या आवाजाकडे मान वळवली, क्षणभर ऐकलं, मूठ खाली आली. पण मामा गप्प झाला तशी ती गिरकी घेऊन व्हरांड्यात पळत सुटली. नर्स आडवी जायला धावली. आईनं हात पुढे केला. आणि हळूबाईंच्या तोंडून, त्यांनाच नवल वाटेल इतक्या मोठ्यानं, निघालं, "सोडा तिला! जाऊ द्या!" टोकाच्या दाराशी वॉचमन होता, त्यानं शिरस्त्याप्रमाणे बाहेरचं दार लावलंच होतं. मजल्यावरून पोर कुठे जाणार नव्हती. पण खोलीपासून लांब चालली होती. इतक्या आठवड्यांच्या तालमी, फेल्टची पट्टी, रबरी सपाता, सगळ्यांवर पाणी पडलं. हळूबाई तिच्या मागोमाग चालू लागल्या. पळायचं नाही, हाक मारायची नाही, बरोबर अंतर ठेवायचं. हे सगळं पायांना येत होतं, त्यामुळे डोकं मोकळं राहिलं आणि भलतंसलतं बोलू लागलं. मोठ्या हॉस्पिटलातला नंबर. उपाशीपोटी थांबायचं. अनोळखी खोली, तोंडावर मास्क. आणि तिथे तर धरतीलच. धरणं म्हणणार नाहीत, दुसरं काहीतरी चांगलं नाव असेल त्याला, पण धरतील. मग ही पोर आयुष्यात कधी कुणाला तोंड उघडून दाखवणार नाही. पुढे कधी काय काय होतं माणसाला, कान, पोट, छाती. तिच्याजवळ सांगायला शब्द नाहीत, आणि दाखवायची सोयही आपण घालवून बसणार. हे नुसतं दाढेचं नव्हतंच. हळूबाईंना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि त्यांनी ते आईला एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. आईलाही ठाऊक होतं. तिनंही दाखवलं नव्हतं.

ठमी लिफ्टपाशी थांबली नाही, खिडकीपाशी थांबली नाही. व्हरांड्याच्या वळणावर सामानाची एक अरुंद खोली होती, झाडू, बादल्या, फिनेलचे डबे. दार नुसतं लोटलेलं. ठमीनं ते ढकललं आणि आत गेली, आणि हळूबाई दाराशी पोचल्या तेव्हा ती जमिनीवर बसलेली होती. समोर ते फरशी घासायचं मशीन उभं होतं, पिवळं, बोजड, त्याची वायर नीट गुंडाळून दांडीला अडकवलेली. ठमीनं दोन्ही हात त्याच्या गोल पाठीवर ठेवले. मग वाकून गाल टेकवला. दुखरा गाल. ज्या गालाला ती आईलाही हात लावू देत नव्हती तो गाल तिनं त्या गार पत्र्यावर टेकवला, आणि "हूंऽऽ" केलं. थांबली. पुन्हा केलं, जरा खालच्या पट्टीत. पुन्हा थांबली. आपण कुणालातरी हाक मारतो आणि ओ येते का म्हणून कान देतो, अगदी तसं.

आई धापा टाकत मागून आली. "तिला अंधार हवाय का, ताई? इथे लपायचंय का तिला?"

हळूबाईंना एकदम शेजारच्या काकू आठवल्या. इतक्या वर्षांत कधी आठवल्या नव्हत्या. वडिलांचं डोकं फारच उठायचं तेव्हा आई या लेकीला त्यांच्याकडे धाडून द्यायची. काकू घरी कपडे शिवायच्या, पायांचं शिलाई मशीन, दिवसभर खडखडखडखड. आणि ही मुलगी, जिला घरी रात्र रात्र झोप येत नसे, कारण कूस बदलली तर पलंग करकरायचा, ती काकूंच्या मशीनखाली चिंध्यांच्या ढिगात जाऊन पडायची आणि मेल्यासारखी झोपायची. पायडल वर-खाली व्हायचं, फरशी थरथरायची, आणि त्या खडखडाटाच्या आत कसलीही जबाबदारी नसायची. तिथे काही सांडलं तरी चालायचं. तिथे आपला आवाज आला तरी कुणाचं काही दुखायचं नाही. असं सुख आपल्याला होतं, आणि आपण ते विसरलो कसे? शांतता वडिलांना हवी होती. आपल्याला ती कधीच नको होती. आपण वडिलांना दिलेलं औषध उचललं आणि जगातल्या सगळ्या दुखण्यांना लावत सुटलो. आणि ही मुलगी, हिनं कितीतरी दुपारी त्या दारातून आत येताना, खुर्चीवर चढताना, आ करताना, एका हातानं बाहेरचा तो आवाज धरून ठेवला होता. त्याच्याच सुरात ती "हूं" करत होती, आणि आपण म्हणत होतो, गोंगाटातही किती गुणी! गोंगाटातही नव्हे. गोंगाट होता म्हणून. आज आपण तिच्या हातातला कठडाच काढून घेतला, आणि वर तिच्याकडे ओठ मिटून हसत उभे राहिलो.

"काका कुठायत?" हळूबाई ओरडल्या. खरोखर ओरडल्या. "सफाईवाले काका! बोलवा त्यांना कुणीतरी!"

काका आयती सुट्टी मिळाली म्हणून खाली चहा घेत होते. मामा जिना उतरून गेला आणि त्यांना जवळजवळ उचलूनच घेऊन आला. "बाई, मी मशीनला हातसुद्धा लावलेला नाही," काका आल्या आल्या म्हणाले. आपल्यावर काहीतरी शेकणार असा त्यांचा चेहरा. "तुम्हीच सांगितलंत बंद ठेवा."

"मीच सांगितलं. आता मीच सांगते, चालू करा."

"इथं?"

"इथून त्या खोलीपर्यंत. आणि मी सांगेपर्यंत थांबू नका, फरशी झिजली तरी चालेल."

काकांनी हळूबाईंकडे पाहिलं, मग मशीनला गाल लावून बसलेल्या पोरीकडे पाहिलं. त्यांनी वायर सोडली, भिंतीत खुपसली, ठमीच्या अंगाला लागणार नाही असं दांडी तिरपी करून बटण दाबलं. घर्रर्र करून सगळी खोली भरून गेली. बादल्यांच्या कड्या थरथरल्या. आणि ठमीचं "हूं", जे आल्यापासून घर हरवल्यासारखं वर-खाली हिंडत होतं, ते एका क्षणात खाली उतरलं आणि त्या घरघरीत जाऊन बसलं. दोन आवाज वेगळे सांगता येईनात. तिचे खांदे उतरले. हळूबाईंच्या डोळ्यांना एकदम धारच लागली, आणि त्यांनी ती लपवली नाही. लपवायला तिथे कुणाला वेळ होता!

मग त्या मजल्यावर कधी निघाली नसेल अशी वरात निघाली. पुढे काका मशीन लोटत, त्यांच्या मागे एक हात दांडीला लावून ठमी, तिच्या मागे आई, मग हळूबाई, आणि सगळ्यांत शेवटी वायर कुणाच्या पायात येऊ नये म्हणून ती दोन्ही हातांनी उचलून धरलेला मामा. वॉचमन उठून उभा राहिला. दातांच्या खोलीच्या दाराशी काकांनी मशीन जागच्या जागी फिरवत ठेवलं. ठमीनं दांडी सोडली, उंबरा ओलांडला, आणि खुर्चीवर चढली.

"आ कर, ठमे!" डॉक्टर आपल्या मूळच्या आवाजात गरजले. गरजावंच लागलं. आता पुढे वाकायचं कारण उरलं नव्हतं, ते सरळ उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा जिथे असायला हवा तिथे, लांब, वर गेला. ठमीनं आ केला. हिरड्यांना बधिर करणारं मलम लागलं. मग सुई. हळूबाईंनी आपल्या हातानं ठमीच्या पायावर, तालमीत ठेवायच्या तिथेच, गुडघ्याच्या वर भार दिला. धरलं नाही, नुसता भार. सुई आत गेली तेव्हा तो पाय ताठ झाला. "हूं" थांबलं. तेवढ्यात बाहेर काकांनी, त्यांना काय दिसलं कुणास ठाऊक, मशीन जरा आत सरकवलं, इतकं की खुर्चीचा पाया थरथरला. "हूं" पुन्हा सुरू झालं.

"बधिर झालंय!" डॉक्टर ओरडले. "चिमटा!"

"काय?" नर्स.

"चिमटा! अहो, चिमटा द्या!"

आईनं आपल्या ओढणीचं टोक तोंडात कोंबलं होतं. मामा भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि भिंतीवरचं दात घासायच्या पद्धतीचं चित्र परीक्षेला बसायचं असल्यासारखा वाचत होता. दुधाची दाढ होती, मुळं बरीचशी विरघळलेली. फार झोंबाझोंबी झाली नाही. डॉक्टरांचं मनगट एकदा इकडे वळलं, एकदा तिकडे, आणि मग घाण वास आला, पुवाचा, इतका की नर्सनं तोंड फिरवलं. इतके महिने ती पोर हे तोंडात घेऊन हिंडत होती, याच्यासह जेवत होती, याच्यासह झोपत होती. डॉक्टरांनी दाढ चिमट्यात वर धरली. "निघाली!" ते गरजले, आणि आपल्याला दिसत असूनही सगळे एकमेकांना सांगू लागले, निघाली, निघाली. ठमीनं कापसाचा बोळा चावला. दोन मिनिटं चावायचा असतो. तालमीत तोही झाला होता. हळूबाईंचा जीव भांड्यात पडला. पडल्याचा आवाजसुद्धा झाला असेल, पण त्या घरघरीत कुणाला ऐकू आला नाही.

"म्हणजे आता प्रत्येक दाताला फरशी घासायची का?" नर्सनं हळूबाईंच्या कानाशी ओरडून विचारलं. हळूबाई हसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांसमोरून एक एक मूल जाऊ लागलं, ज्यांना त्यांनी या शांततेत बसवलं होतं. काहींचे चेहरे सैल झाले होते, नक्की झाले होते. पण काही जण रडले होते, निघून गेले होते, आणि आपण फाइलवर लिहिलं होतं, आज तयारी नव्हती. कुणाची तयारी नव्हती? त्यातल्या एखाद्याला शिलाई मशीन हवं असेल. एखाद्याला मामाचा आवाज. आता ते कळायचं कसं, आणि त्यांना पुन्हा बोलवायचं कसं? ही टोचणी काही लगेच जाणार नव्हती. पण आज ती टोचणीसुद्धा त्यांना जड वाटेना. चूक झाली होती, मोठी झाली होती, आणि ज्या पोरीच्या बाबतीत झाली होती तिनंच हात धरून, किंवा न धरता, त्यांना ती दाखवून दिली होती. इतक्या स्वस्तात सुटायचं भाग्य या कामात रोज मिळत नाही. उद्यापासून पहिल्या दिवशी शांत करायचं नाही, आधी ऐकायचं, एवढं त्यांनी ठरवलं. डोकं हलकं झालं होतं. पाय दुखत होते. त्यांनी खाली पाहिलं तर त्या दोन्ही टाचा टेकून उभ्या होत्या.

ठमी खुर्चीवरून उतरली. थेट मशीनपाशी गेली. काकांनी दांडी तिच्या हाताशी आणली, तर तिनं दांडी धरली नाही. बोट पुढे करून लाल बटण दाबलं. घरघर उतरत उतरत थांबली. मजला पुन्हा शांत झाला, आणि सगळेच मोठमोठ्यानं बोलता बोलता अर्ध्या शब्दावर अडकले.

त्या शांततेत आईचा हात आपोआप वर गेला. ठमीच्या उजव्या गालापासून चार बोटांवर, तळवा उघडा, तो हवेत थांबला. मूठ यायची तर ती आपल्या तळव्यावर यावी, म्हणून इतक्या महिन्यांत तो हात असाच जायला शिकला होता, आणि तळवा मधोमध काळानिळा झालेला होता. हळूबाईंनी तो आजच पाहिला. आई वाट बघत राहिली. मामानं भिंतीवरून मान वळवली. ठमीनं कापूस चावला, नाकानं एक लांब श्वास सोडला, आणि आपली उजवी मूठ उघडून त्या बोटांनी मशीनच्या पिवळ्या पत्र्यावरचं पाणी पुसू लागली. मूठ आली नाही. आई तरीही तशीच उभी, हात कुठे ठेवायचा ते न सुचल्यासारखी.

"ताई," ती म्हणाली, "आता काय करायचं?"

"आता काही नाही," हळूबाई म्हणाल्या. "आता घरी जायचं."